कुठला मिलिमीटर?

पॉलिश केलेला सोन्याचा मणी म्हणजे खरं तर एक गोल आरसा. त्याचा फोटो काढायचा म्हणजे त्यात उमटलेल्या खोलीचाच फोटो काढायचा. खिडकी, ट्यूबलाइट, कॅमेऱ्याचं काळं तोंड, त्यामागं उभी असलेली मी, सगळे त्या चिमुकल्या मण्यात हजर असतात. साताऱ्यात वडिलांच्या स्टुडिओत मी कामाला लागले, तेव्हा लग्नाच्या ऑर्डरी भाऊ घ्यायचा आणि सराफांची कामं माझ्या वाट्याला यायची. ठुशी, बुगड्या, नथी, मोहनमाळा. बटर पेपरचा तंबू करायचा, दिवे बाहेरून लावायचे, कॅमेरा स्टँडवर घट्ट आवळायचा. मग कितीही वेळ घ्या. तुम्ही जेवून आलात तरी नथ ठेवल्या जागी असते.

मॅक्रो लेन्सची ओळख मला फुलांमुळे नाही, नथीमुळे झाली. एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पासपोर्ट फोटो काढायला आल्यावर स्टुडिओच्या भिंतीवरचा नथीचा फोटो पाहिला. मोत्यांमधून गेलेली तार त्यात स्वच्छ दिसत होती. त्यांनी विचारलं, "ही लेन्स फुलाला चालेल का?" मी म्हटलं, लेन्सला सोनं आणि फूल यांतला फरक कळत नाही. तेवढ्या वाक्यावर माझे पुढचे पावसाळे कासच्या पठारावर गेले.

पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर. जांभ्या खडकाचा सडा, त्यावर कुठं बोटभर माती, कुठं तीही नाही. एवढ्याशा मातीवर सुमारे ८५० जातींच्या वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. ऑगस्टअखेरीपासून लोक येतात ते तेरड्याचे गुलाबी आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे पाहायला. सरांना ताटवे नको होते. त्यांना त्या ताटव्यातलं एक फूल हवं होतं, तेही ठरावीक बाजूनं.

पहिल्याच दिवशी त्यांनी कामाची अट सांगितली. "ताई, फोटो देखणा नसला तरी चालेल. मला त्यावरून जात ओळखता आली पाहिजे." मला ही अट ओळखीची वाटली. आमच्याकडचे एक जुने सराफ असंच म्हणायचे, "कोंदण दिसू दे, बाकी गेलं तरी चालेल." गिऱ्हाईक नेमकं कुठं बघणार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. फुलाच्या बाबतीत ते सरांना ठाऊक होतं. माझ्या कामाची सगळी विद्या या दोन माणसांच्या बोलण्यात आली. उरलेला भाग गणिताचा आणि गुडघ्यांचा.

गणित आधी सांगते, कारण ते टाळून कुणाचंच भलं झालेलं नाही. मॅक्रो लेन्सवर 'एकास एक' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक सेंटिमीटरचं फूल सेन्सरवरही एक सेंटिमीटरचंच उमटतं. एवढ्या जवळ गेल्यावर, फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ ८ ठेवलं, तर पुढंमागं मिळून जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी शार्प येते. त्या पट्टीच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं विरघळतं. एक मिलिमीटर म्हणजे कागदाची दहा-बारा पानं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. तेरड्याचं फूल तिच्यात मावत नाही, माशीचं डोकंसुद्धा धड मावत नाही.

मग नवशिक्याला वाटतं, अ‍ॅपर्चर बंद करत जावं, एफ १६, एफ २२. पट्टी जाड होते हे खरं, पण दुसरी भानगड सुरू होते. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा छोटा ठिपका होतो. शिवाय एकास एकला लेन्सवर लिहिलेला आकडा खरा राहत नाही. लेन्स सेन्सरपासून लांब सरकल्यामुळं एफ ११ चं काम एफ २२ सारखं होतं. तेवढ्यावर प्रकाशाचा ठिपका साधारण ०.०३ मिलिमीटरचा होतो, आणि आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. म्हणजे त्या ठिपक्याच्या रुंदीत पाच पिक्सेल बसतात. पट्टी वाढते, पण पट्टीतलं सगळंच थोडं बोथट होतं. मी बहुतेक वेळा एफ ८ ते एफ ११ च्या मध्ये राहते. एफ १६ ला जाते ती फक्त सरांना मोठा फोटो नको असेल तेव्हा.

यातून सुटायची एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही, कारण तिच्यात मर्दुमकी नाही. थोडं मागं सरकायचं. एकास एकऐवजी निम्म्या आकारात फूल घेतलं की एफ ८ वरच ती पट्टी तिपटीच्या आसपास जाते, तीनेक मिलिमीटर. एक सेंटिमीटरचं फूल सेन्सरवर पाच मिलिमीटरचं येतं, म्हणजे आठशेहून जास्त पिक्सेल. छापील पुस्तकात ते सात सेंटिमीटर रुंद छान उठतं. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' २००१ साली आलं. एक पुण्याचा इंजिनियर खिशात मावेल असं फुलांचं पुस्तक करतो म्हणून आमच्या घरी त्याचं कौतुक होतं. त्यातले फोटो पाहिले की कळतं, ओळख पटायला फूल पानभर असावं लागत नाही.

पट्टी एवढीच मिळणार हे मान्य केलं की खरा प्रश्न सुरू होतो. ती कुठं ठेवायची? सरांच्या अटीचा अर्थ मला इथं कळला. हबे आमरीची फुलं घ्या. कासवर या हबेनेरिया वंशातल्या कितीतरी जाती आहेत, पांढऱ्या-हिरवट, लांबून बऱ्याचशा सारख्या. समोरून काढलेला फोटो दिसायला गोड येतो, पसरलेली ओठासारखी पाकळी आणि तिची तीन बोटं. पण सरांना फुलामागं लोंबणारी नळी हवी होती. तिच्यात मध असतो, आणि ती अंडाशयापेक्षा आखूड की लांब, यावर जात ठरते. समोरून पाहिलं तर ओठ आणि नळी यांच्यात दीड-दोन सेंटिमीटरचं अंतर. कुठलंही अ‍ॅपर्चर दोन्हींना एका पट्टीत आणणार नाही. बाजूनं पाहिलं की ओठाची कड, फुलाचा देठ झालेलं अंडाशय आणि नळी, तिन्ही एका पातळीत येतात. मग कॅमेऱ्याची पाठ त्या पातळीला समांतर धरायची. इथं दोन-चार अंशांचा फरकही चालत नाही. मी आधी डोळ्यांनी नळीच्या टोकापासून ओठाच्या टोकापर्यंत रेघ ओढते, मग कॅमेरा त्या रेघेवर आणते, आणि शेवटी स्क्रीन मोठी करून दोन्ही टोकं तपासते.

फुलपाखराचंही तसंच. पंख मिटून बसलं असेल तर बाजूनं, पंखाला समांतर. मग पंखाच्या कडेची एकेक झालर, शिरा, मिश्यांचं टोक, सगळं एका पट्टीत मिळतं. पंख पसरून बसलं असेल तर वरून. तिरक्या कोनातून काढलेलं फुलपाखरू कलात्मक दिसतं, पण त्यात नेमका एखादा ठिपका हरवतो, आणि बहुतेक वेळा तोच ठिपका ओळखायला लागणारा असतो. चतुराची सडपातळ बहीण, टाचणी, अंगानं सरळ असते म्हणून मला आवडते. बाजूनं कॅमेरा तिला समांतर धरला की डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी मिळते.

समोरासमोर आलेल्या कीटकाचं मात्र वेगळं. तिथं पट्टी डोळ्यांवर ठेवायची, पाय, पंख, पोट गेलं तरी चालेल. माणसाची नजर आधी डोळ्यांकडं जाते आणि तिथं धूसरपणा लागला की पुढचं काही पाहत नाही. चतुराच्या मोठ्या डोळ्यात तीस हजारांच्या आसपास बारके भाग असतात. चांगल्या प्रकाशात, नीट पट्टी बसली तर त्यांची षटकोनी जाळी दिसते. माझी शार्पनेसची कसोटी हीच. जाळी दिसली की फ्रेम ठेवायची, नाही दिसली की पुढची घ्यायची. खंडोबाच्या किड्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो. तुम्ही कुठूनही पाहा, तो तुमच्याकडेच पाहतोय असं वाटतं. ती बाहुली नव्हे. आपण ज्या दिशेनं बघतो त्या दिशेच्या बारक्या भागांच्या नळ्यांमधून आपल्याला डोळ्याचा काळोखी तळ दिसतो, एवढंच. फोटोत मात्र तो ठिपका किड्याला एकदम माणसात आणतो. त्यामुळं तो कुठं पडतोय हे पाहून मी कोन ठरवते, हे कबूल करायला हरकत नाही.

आता वारा. कासवर वारा नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. काही मिनिटं थांबतो, एवढंच. एकास एकवर फूल एक मिलिमीटर हललं तर सेन्सरवरही एक मिलिमीटर हलतं. सावकाश डोलणारं फूल, सेकंदाला दोन सेंटिमीटर धरा, १/२०० सेकंदात ०.१ मिलिमीटर सरकतं. सोळा-सतरा पिक्सेल. लोक लेन्सला दोष देतात, पण तो बहुतेक वेळा या सोळा पिक्सेलचा असतो. आणि वाऱ्यात फूल नुसतं डावीउजवीकडं जात नाही, पुढंमागंही जातं. म्हणजे ज्या एक मिलिमीटरच्या पट्टीसाठी एवढा खटाटोप, तिच्यातून ते आतबाहेर करत राहतं. ऑटोफोकस मी बंदच करून ठेवते. तो बिचारा पुढंमागं फिरतच राहतो. आकार ठरवला की फोकस हातानं तिथंच बांधायचा आणि स्वतः पुढंमागं व्हायचं. कोपर गुडघ्यावर, श्वास अर्धा सोडलेला, आणि फूल परत येताना पट्टीत शिरलं की बटण.

पठाराजवळच्या गावातला एक मुलगा आमच्याबरोबर असायचा. तो छत्री घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभा राहायचा. छत्री उलटायची, हा भाग वेगळा. त्याची खरी मदत दुसरीच होती. तो माझ्या फुलाकडं बघायचाच नाही. वारा येतो त्या दिशेला, वीस-पंचवीस पावलांवरचं गवत पाहायचा. तिथलं गवत उभं राहिलं की दोन-तीन सेकंदांनी आमच्याकडं शांत होणार, हा त्याचा हिशोब. "ताई, आता." मी बटण दाबायचे. त्याच्या 'आता'वर काढलेल्या फ्रेम माझ्या स्वतःच्या अंदाजावर काढलेल्यांपेक्षा हमखास चांगल्या निघायच्या, आणि त्यानं उभ्या आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नव्हता. शेळ्या सांभाळणाऱ्याला वारा कळतो, दुसरं काय.

ट्रायपॉडविषयी माझं मत सगळ्यांना पटणार नाही. स्टुडिओत मी त्याच्याशिवाय बटणाला हात लावत नाही. सड्यावर त्याचे तीन पाय म्हणजे तीन ठिकाणी चिरडलेली झाडं, आणि इथली झाडं बोटभर उंचीची. आम्ही वनखात्याची परवानगी घेऊन जायचो, ठरलेल्या वाटांवरून आणि उघड्या खडकावरूनच चालायचो. खडकावर बसता येईल तिथून जे दिसेल ते काढायचं. आधाराला मी छोटी पिशवी वापरते. काही जण तिच्यात ज्वारी भरतात, पण कासच्या पावसात ज्वारीला मोड येतात. थर्माकोलचे मणी बरे. पालथं पडून काढायची हौस असणाऱ्यांनी ती घरच्या बागेत भागवावी. एका फुलाच्या शार्प फोटोसाठी पोटाखाली वीस फुलं गेली तर तो फोटो मला तरी बघवत नाही.

फ्लॅश मी बरेच दिवस टाळला आणि मग सोन्यानंच तो शिकवला. कमी ताकदीवर ठेवलेला छोटा फ्लॅश १/१०,००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ पेटतो. मघाचं डोलणारं फूल तेवढ्यात ०.००२ मिलिमीटर सरकतं, एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. वारा जवळजवळ संपलाच. अट एवढीच की आजूबाजूचा उजेड फ्लॅशच्या मानानं कमी हवा, नाहीतर शार्प फुलाच्या बाजूला त्याचंच पुसट भूत येतं. धुक्यात हे आपोआप जमतं. पण मग मागची बाजू काळी पडते आणि दिवसाचा फोटो रात्रीचा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे फुलाच्या मागं हातभरावर एखादं मोठं पान येईल असा कोन शोधायचा.

आता भुंगेऱ्याची गोष्ट. गारवेलीच्या पानावर कासवासारख्या पाठीचा एक छोटा भुंगेरा बसतो. पाठीची कड काचेसारखी पारदर्शक आणि मधला भाग अस्सल सोन्याचा, २२ कॅरेटचा म्हणावा असा. सरळ फ्लॅश मारला तर सोन्याचा मागमूस नाही, पाठीवर नुसता पांढरा डाग. मला ताबडतोब स्टुडिओ आठवला. हा मणीच आहे. त्याच्यात जे दिसेल तेच फोटोत येणार. म्हणून फ्लॅशपुढं बटर पेपर लावला, तोही लांब नाही, भुंगेऱ्यापासून अगदी वीतभर अंतरावर. किड्याच्या मानानं प्रकाशाचा पडदा जेवढा मोठा, तेवढी चमक मऊ. दहा मिलिमीटरच्या किड्याला कागदाचा तळहाताएवढा तुकडासुद्धा आभाळाएवढा असतो. चमक पसरली आणि सोनं परत आलं.

हा किडा मेला की त्याचं सोनं जातं. सोन्याचा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नसतो, कवचाच्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि ते थर ओले राहिले तरच तसा प्रकाश परततो. वाळला की तपकिरी. संग्रहालयातल्या टाचणीवरच्या नमुन्यावरून कुणाला कल्पनाही येणार नाही. आमच्या सरांना फोटोची किंमत कळली ती बहुधा या एका किड्यामुळं, कारण त्यानंतर त्यांनी "फुलाबरोबर किडा आला तर तोही घ्या" असं सांगायला सुरुवात केली. सराफाला मात्र मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग त्याला घडणावळ लावू नका."

कीटकांच्या मागं धावून फोटो मिळत नाहीत. त्यांची झोप कुठं असते हे कळलं की मिळतात. किड्याचं अंग गार असेपर्यंत तो उडू शकत नाही. सकाळी लवकर, पंखांवर दव असताना, चतुर गवताच्या काडीला लोंबत असतात आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ देतात. ऊन चढलं की संपलं. माझ्या घराच्या परसात तुळशीवर निळ्या पट्ट्यांच्या माश्या येतात. दिवसा त्या एका फुलावर सेकंदभरही थांबत नाहीत, बेंबीच्या देठापासून गुणगुणत पुढं. पण त्यांतले नर संध्याकाळी वाळक्या काडीवर एका रांगेत येतात, काडी जबड्यानं चावून धरतात आणि पाय सोडून तसेच झोपतात. रोज जवळजवळ त्याच काडीवर. दिवसभर जी माशी फ्रेममध्ये येत नव्हती, तिचा एकेक केस सकाळी सहा वाजता मोजून घ्यावा. किड्याला आकारापेक्षा हालचाल लवकर दिसते, म्हणून जवळ जाताना समोरून, अगदी सावकाश, आणि अंगावर सावली न पाडता जायचं. बाजूनं आलेला हात त्याला दहापट वेगानं आल्यासारखा वाटत असावा.

यावर काही जणांनी शोधलेला सोपा तोडगा म्हणजे किड्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, गारठला की पानावर मांडायचं. काही जण तर डिंकाचा थेंब लावतात. मग बेडकाच्या डोक्यावर गोगलगाय, नाकतोड्याच्या हातात फूल, असले फोटो तयार होतात. माझा आक्षेप निव्वळ दयेचा नाही. ज्यानं किडा कधी जागेपणी पाहिला आहे त्याला तो फोटो पाहताच कळतं, कारण पाय चुकीचे असतात. झोपलेली माशी आणि गारठवलेली माशी यांची पकड वेगळी असते. पाण्याच्या फवाऱ्यानं केलेलं दवही तसंच ओळखू येतं. खरं दव पानाच्या कडेच्या लवेवर बसतं, फवाऱ्याचं कुठंही.

स्टॅकिंगविषयी मला नेहमी विचारतात, आणि माझं उत्तर दोन तोंडांचं आहे. फोकस थोडा थोडा सरकवत पंचवीस-तीस फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर त्यांचे शार्प भाग जोडायचे, ही युक्ती दागिन्यांच्या धंद्यात आता रोजची आहे. कोल्हापुरी साजाची सगळी पानं एकाच वेळी शार्प पाहिजेत तर दुसरा मार्ग नाही. ब्रिटनच्या लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या किड्यांचे असे फोटो काढले. २०१६ मध्ये ते तिथं मांडले गेले, माणसापेक्षा उंच छापलेले. एकेका किड्यासाठी आठ हजारांच्या वर फ्रेम. ते किडे अर्थातच टाचणीवरचे होते. कासच्या वाऱ्यात आठ फ्रेमसुद्धा एका जागी पडत नाहीत. संगणक मग वाऱ्यानं हललेल्या पाकळीला दोन कडा देतो, किड्याला सातवा पाय देतो. सर असा सातवा पाय चटकन पकडायचे. स्टॅकिंगला पठारावर माझ्या मते एकच झाड लायक आहे, ते म्हणजे दवबिंदू. पानावरच्या चिकट थेंबात अडकलेलं चिलट हलत नाही, आणि झाड एवढं बुटकं की वारा त्याच्यावरून जातो. तिथं मी सात-आठ फ्रेम घेते आणि नशीब बरं असेल तर त्या जुळतात.

पण सगळंच शार्प केलेला फोटो मला बघवेनासा होतो, नजरेला बसायला जागाच राहत नाही. एका पट्टीवर भागवलेल्या फोटोत निदान कुणीतरी ठरवलेलं असतं की इथं बघा.

रंगाचं थोडक्यात. सीतेची आसवं ज्या निळ्या-जांभळ्या रंगाची असतात तो कॅमेऱ्याला अवघड जातो. फिल्मच्या दिवसांत काही निळी फुलं गुलाबी यायची, कारण ती फुलं डोळ्याला न दिसणारा लालापलीकडचा प्रकाशही परतवतात आणि फिल्मला तो थोडा दिसायचा. आता उलट होतं, जांभळी निळीकडं झुकतात. फुलाशेजारी राखाडी कार्ड धरून एक फ्रेम आधी घ्यायची, म्हणजे धुक्याचा निळेपणा नंतर काढता येतो. आणि फोनबद्दल. फोनचा सेन्सर छोटा असल्यामुळं त्याची पट्टी जाड असते. फूल आणि मागचं पठार दोन्ही हवं असेल तर मी सरळ फोन काढते. किड्याला मात्र तो चालत नाही, कारण तो दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तिथं स्वतःचीच सावली पडते आणि किडा उडतो. १०० मिलिमीटरची लेन्स एकास एकला काचेपासून १४-१५ सेंटिमीटरवर थांबते. तेवढ्या अंतरासाठीच ती महाग असते.

या सगळ्याला एक कुंपण आहे, आणि ते मला गेंदांनी दाखवलं. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, पाणथळ सड्यावर सप्टेंबरात उभी राहणारी पांढरी बटणं. एक बटण पाच-सात मिलिमीटरचं, आणि त्या बटणात डझनावारी फुलं. प्रत्येक फूल मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, नर वेगळं, मादी वेगळी. माझी पट्टी एका अख्ख्या फुलापुरती असते, पण दुसऱ्या फुलांच्या गर्दीत ते सुटं दिसतच नाही. सरांनी चिमट्यानं एक बटण सोडवलं, फुलं काळ्या कागदावर मांडली, आणि मी स्टुडिओत, नथीसाठी केलेल्या त्याच तंबूत, ती काढली. पाच पट मोठी. पाकळीच्या टोकावरची काळी ग्रंथी आली, कडेची लव आली. सर खूश. मग म्हणाले, "आता बिया."

बी अर्ध्या मिलिमीटरची. तिच्या सालीवर जी नक्षी असते तिच्यावर काही जातींचा निकाल लागतो. माझ्या लेन्सला बी दिसली, साल दिसली, नक्षी आहे एवढंही दिसलं. नक्षीचे उंचवटे सुटे मोजता येतील असं काही केल्या आलं नाही. पट्टी कुठंही ठेवा, दिवा कसाही वळवा. एवढ्या बारीक गोष्टीला प्रकाशाची लाटच जाड पडते. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो ना आमच्या स्टुडिओत ना सरांच्या कॉलेजात. तेव्हापासून आमची कामाची पद्धत ठरून गेली आहे. गेंदाचं मी अख्खं झाड काढते, बटण काढते, सुटं फूल काढते, प्रत्येकाच्या बाजूला मिलिमीटरची मोजपट्टी ठेवून. बिया सर कागदाच्या पुडीत घालून पुण्याला पाठवतात, पुडीवर माझ्या फोटोचा क्रमांक लिहून. उत्तर यायला कधी सहा महिने लागतात. त्यात नाव बदललेलं असेल तर मला माझ्या संगणकावरच्या सगळ्या फायलींची नावं बदलावी लागतात, आणि या कामाचे पैसे अजून कुणी लावलेले नाहीत.